रणगाड्यात एक भाग कच्चाच ठेवावा

रिमोटवर चालणारा १/१६ मापाचा रणगाडा दिसायला जितका दणकट, तितकाच आतून नाजूक असतो. चिलखत म्हणून जे दिसते ते एबीएस प्लास्टिकचे पातळ कवच असते आणि स्वस्त रणगाड्यात गिअरही बहुधा प्लास्टिकचेच असतात. फरशीवर किंवा गालिच्यावर चालवण्यापुरते हे पुरेसे आहे. परंतु यवतमाळकडच्या काळ्या रानात, धुऱ्यावरून, पऱ्हाटीच्या खुंटांमधून तो न्यायचा असेल, तर आहे त्या स्थितीत तो एक हंगामही टिकत नाही. मोडला की नवा मागवू, ही सोयही आता राहिलेली नाही, कारण खेळण्यांवरील आयात शुल्क २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० टक्के आणि २०२३ मध्ये ७० टक्के करण्यात आले. त्यामुळे कानस, हॅक्सॉ ब्लेड, पक्कड, हाताने फिरवायचे ड्रिल आणि २५ वॉटचे सोल्डरिंग आयर्न एवढ्या सामग्रीवर घरीच काय करता येते, ते येथे लिहीत आहे.

बहुतेक हौशी मंडळी सर्वप्रथम पोलादी गिअर बसवतात, आणि माझ्या मते क्रम येथेच उलटा होतो. मोटरचा जोर गिअरमधून दात्यांच्या चाकाकडे, तेथून पट्ट्याकडे आणि शेवटी जमिनीकडे जातो. जमीन जो प्रतिकार करते तो त्याच वाटेने मागे येऊन गिअरबॉक्स ज्या चार-दोन स्क्रूंवर उभा आहे त्या स्क्रूंवर पडतो. गिअर प्लास्टिकचे असतात तोवर दाते झिजतात आणि बाकी सर्व वाचते. गिअर पोलादी झाले की तोच दणका स्क्रूच्या खांबांना बसतो आणि ते मुळापासून उपटले जातात. एक भाग बळकट केला की कमजोरी नाहीशी होत नाही, ती शेजारच्या भागात जाते. म्हणून सुरुवात तळापासून करावी आणि गिअरकडे नंतर वळावे.

तळातील सर्वांत दुर्लक्षित गोष्ट म्हणजे स्क्रू बसणारे प्लास्टिकचे पोकळ खांब. ते जोरामुळे तडकतात त्याहून अधिक वेळा स्क्रू वारंवार काढल्या-घातल्यामुळे तडकतात. स्क्रू परत बसवताना तो आधी हलक्या हाताने उलटा फिरवावा. जुन्या आट्यात तो उतरला की बोटांना बारीकसा ‘टक’ जाणवतो आणि मगच तो सुलटा आवळावा. एवढी सवय लावली तरी निम्मे खांब वाचतात. तडकलेल्या खांबासाठी जुन्या रेडिओची ओढून लांब होणारी अँटेना फार उपयोगी पडते. तिच्या नळ्या एकात एक बसणाऱ्या, म्हणजे वेगवेगळ्या व्यासांच्या असल्यामुळे खांबाला घट्ट बसेल अशी एक नळी हमखास सापडते. तिचे चार-पाच मिलिमीटरचे कडे ब्लेडने कापावे, आतली कड कानशीने मोडावी आणि ते खांबावर दाबून बसवावे. भेगेत भरण्यासाठी एबीएसचाच चुरा अ‍ॅसिटोनमध्ये विरघळवून केलेली खळ वापरावी, कारण ती वाळल्यावर मूळ प्लास्टिकशी एकजीव होते. झटपट चिकटणारा गोंद येथे कामाचा नाही. तो कडक होतो खरा, पण हादऱ्यांनी पुन्हा सुटतो. खळ पूर्ण वाळण्यास दिवसभर द्यावा. हे काम उघड्यावर, चुलीपासून आणि विडीपासून दूर करावे, हे सांगायला नकोच.

खांब सावरले की गिअरबॉक्सखाली पत्र्याची पट्टी द्यावी. त्यासाठी विकत काही आणावे लागत नाही. आमच्याकडे प्रत्येक घराच्या मागे एखादा टाकून दिलेला कूलर असतोच. त्याची खालची बाजू गंजलेली असली तरी वरच्या भागाचा जस्ती पत्रा शाबूत असतो. त्याची कड काटकोनात वाकवली की तीच पट्टी तळाला आणि बाजूच्या भिंतीला दोन्हीकडे धरते. भोके मात्र ड्रिलनेच पाडावीत. तापवलेल्या खिळ्याने प्लास्टिकला पाडलेले भोक वितळून ओबडधोबड होते आणि गिअरबॉक्स तिरका बसतो. गिअरबॉक्स तिरका बसला की पट्टा वळणावर उतरतो, आणि दोष मात्र पट्ट्याला दिला जातो.

यानंतर पोलादी गिअर खुशाल बसवावेत. ग्रीस अगदी थोडे लावावे, कारण काळ्या मातीची धूळ ग्रीसमध्ये मिसळली की ते मिश्रण दाते घासू लागते. मोटरच्या दोन टोकांमध्ये ‘१०४’ छापलेला सिरॅमिक कॅपॅसिटर सोल्डर करावा, म्हणजे ब्रशच्या ठिणग्यांमुळे रिमोटच्या संदेशात येणारा अडथळा कमी होतो.

वजनाचा हिशेब थोडा विस्ताराने सांगण्यासारखा आहे. लांबी १६ पटींनी कमी केली की वजन १६ च्या घनाने, म्हणजे ४०९६ पटींनी कमी व्हायला हवे. दुसऱ्या महायुद्धातील जर्मनांचा टायगर रणगाडा सुमारे ५७ टनांचा होता, म्हणजे त्याचे १/१६ मॉडेल खरे पाहता १४ किलोच्या आसपास भरले पाहिजे. प्लास्टिकचे मॉडेल त्याच्या जवळपासही जात नाही. म्हणूनच ते ढेकळावरून जाताना उडते आणि बघणाऱ्याला ते खेळणे वाटते. टायरच्या दुकानात व्हील बॅलन्सिंगसाठी मिळणारी चिकटपट्टीची वजने तळाला, शक्य तितकी खाली, समोर-मागे तोल साधून लावली की चाल लगेच भारदस्त होते. तरीही १४ किलोचा हट्ट धरू नये. एक-दीड किलोची भर पुरेशी आहे, कारण वाढलेले प्रत्येक वजन आधारचाकांच्या दांड्यांना सोसावे लागते. वजन घातलेल्या रणगाड्याने गेल्या तान्ह्या पोळ्याला भाच्याचा चाकांचा लाकडी नंदी गल्लीच्या टोकापर्यंत ओढून नेला. नंदीला पुढे बैलाऐवजी रणगाडा जोडल्याबद्दल आमच्या आजीने जे ऐकवले, ते येथे लिहिण्यासारखे नाही.

काळी माती ओली असताना रणगाडा तिच्यात नेऊ नये, हे माझे स्पष्ट मत आहे. ती चाकांच्या मधल्या फटींत भरते आणि वाळली की दगडासारखी घट्ट होते. एकमेकांवर चढलेल्या चाकांच्या खऱ्या टायगरलाही रशियन आघाडीवर हाच त्रास झाला होता. चाकांमध्ये भरलेला चिखल आणि बर्फ रात्रीतून गोठून चाके अडकत. पावसाळ्यात मुरमाचा रस्ता बरा. फसलाच, तर पहिल्या महायुद्धातील ब्रिटिशांची युक्ती मॉडेलवरही चालते: ते मार्क ४ रणगाड्याच्या पाठीवर एक जाड तुळई ठेवत आणि फसल्यावर ती साखळ्यांनी दोन्ही पट्ट्यांना आडवी बांधत, म्हणजे पट्ट्याबरोबर ती खाली जाऊन रणगाडा तिच्यावरून पुढे सरके. तुराटी यासाठी टिकत नाही, मोडते. बांबूची कामटी चालते.

विदर्भातील उन्हाचा विचार परदेशी माहितीत सापडत नाही. थ्रीडी प्रिंट केलेले सुटे भाग पुष्कळदा पीएलए नावाच्या प्लास्टिकचे असतात आणि पीएलए सुमारे ६० अंश सेल्सिअसला मऊ पडते. मे महिन्यात उन्हात ठेवलेला गडद रंगाचा भाग तेवढा सहज तापतो आणि वाकतो. त्यामुळे भाग मागवताना एबीएस किंवा पीईटीजीचाच आग्रह धरावा. लिथियम-आयन सेल ४५ अंशांच्या वर चार्ज करू नयेत असा नियम आहे, आणि टिनाच्या खोलीत दुपारी पारा तेथवर जातो. म्हणून चार्जिंग रात्री करावे, पण झोपून जाऊन नव्हे.

आता शीर्षकाविषयी. रोटाव्हेटरच्या शाफ्टला शिअर बोल्ट असतो. शेतात दगड अडकला की तो तुटतो आणि गिअरबॉक्स वाचतो. त्या जागी जो कडक बोल्ट ठोकतो, तो पुढे गिअरबॉक्सचे बिल भरतो. रणगाड्यातही असा भाग जाणूनबुजून ठेवावा. मी दोन ठेवतो. प्रत्येक पट्ट्याच्या एका कडीत धातूच्या पिनेऐवजी मासेमारीच्या जाड तंगुसाचा तुकडा घालतो आणि त्याची दोन्ही टोके काडेपेटीने वितळवून बोंडासारखी करतो. खुंट अडकला की तंगूस तुटतो, पट्टा सुटतो आणि बाकी सर्व शाबूत राहते. दुसरा म्हणजे बॅटरीच्या तारेत, सेलच्या अगदी जवळ, मोटारसायकलच्या दुकानात मिळणारा १० अँपिअरचा लाल पात्याचा फ्यूज. चाके जाम झाली असताना कोणी रिमोटची काडी दाबून धरली, आणि मुले ती धरतातच, तर मोटर जळण्याआधी तो उडतो. त्याची खोबण मागच्या झाकणाखाली बसवावी, म्हणजे फ्यूज बदलण्यासाठी तळ खोलावा लागत नाही आणि खांबांतले स्क्रूही पुन्हा काढावे लागत नाहीत.