बेल्जियम: शहरं पाच, हॉटेल एकच

बेल्जियमच्या व्हिसासाठी प्रवासाचा आराखडा जोडताना प्रत्येक तारखेपुढे ‘रात्रीचा मुक्काम’ असा वेगळा रकाना करा. हे सगळ्यात आधी सांगते, कारण माझा राग अजून तिथेच अडकलाय.

आमचा बेत साधा होता. बरोबर आई, तिचे गुडघे दुखरे. रोज बॅगा उचलून नवीन हॉटेल गाठणं तिला झेपलं नसतं. म्हणून गेंटमध्ये एकच खोली घेतली आणि ब्रूज, अँटवर्प, ब्रसेल्स, लिएज सकाळी जाऊन रात्री परत. देश सुमारे ३०,५०० चौरस किलोमीटरचा, महाराष्ट्राच्या दहाव्या हिश्शाएवढा. गेंटहून ब्रूज पंचवीस मिनिटांवर, अँटवर्प तासाभरावर.

अर्ज घेणाऱ्या केंद्रात काउंटरवरच्या मुलीने आराखड्यावर लाल गोल काढला. “मॅडम, शहरं पाच आणि हॉटेल एक? बाकीची बुकिंग्ज कुठे आहेत?”

“रोज रात्री गेंटलाच येणार आहोत.”

“मग ब्रूज कशाला लिहिलंय?”

ट्रेनचं वेळापत्रक दाखवावं तर फोन बंद करायला लावलेला. तिचे वरिष्ठ आले, त्यांनी माझं ऐकूनही घेतलं नाही. “बुकिंग्ज घेऊन परत या.” म्हणजे पुन्हा अपॉइंटमेंट, तीही सुट्ट्यांच्या हंगामात! व्हिसाचा निर्णय दूतावासाचा असतो, केंद्राने फक्त कागद गोळा करून पुढे पाठवायचे असतात. हे बाहेर आल्यावर आठवलं आणि आणखीच चिडचिड झाली. निर्णयाला साधारण १५ दिवस लागतात, पण ते ४५ पर्यंतही लांबू शकतात. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज घेतात, तेव्हा शेवटच्या महिन्यावर ढकलू नका.

एकाने सुचवलं, खोटी बुकिंग्ज करून नंतर रद्द कर. ते मला पटणारं नव्हतं. मी एक पानाचं पत्र लिहिलं: तारीख, जायचं कुठे, ट्रेनला वेळ किती, आणि प्रत्येक ओळीत ‘रात्रीचा मुक्काम: गेंट’. ट्रेनच्या वेळा छापून जोडल्या. दुसऱ्या खेपेला तोच कागद निमूट घेतला गेला. व्हिसा हातात आला तेव्हा आईने देवापुढे साखर ठेवली.

आणि बेत किती योग्य होता! ब्रूज दिवसा पर्यटकांनी गजबजलेलं, जपून ठेवलेलं गाव. समुद्राकडे जाणारी खाडी गाळाने भरली, व्यापार अँटवर्पला गेला, म्हणून ते असं राहिलं. अँटवर्पला १९०५ च्या भव्य स्टेशनातून बाहेर पडलं की शेजारीच हिऱ्यांचा बाजार, आणि तिथे कानावर गुजराती! आईचा चेहरा खुलला. लिएज अगदी वेगळं: कोळसा-पोलादाचा काळ मागे पडलेलं, फ्रेंच बोलणारं, जरा थकलेलं शहर, पण स्टेशन मात्र स्पॅनिश वास्तुविशारद कालात्रावाने बांधलेलं, काचेचं, पांढरंशुभ्र. ब्रसेल्सचा मुख्य चौक सुंदर, बाकी शहराने मला फार धरून ठेवलं नाही. गेंट मात्र जगणाऱ्या माणसांचं. संध्याकाळी विद्यार्थी कालव्याकाठी बसलेले असतात आणि त्या गर्दीत आईलाही जागा मिळते.

लिएजला दीड तासाच्या वर लागतो, सकाळी लवकर निघा. देशातल्या गाड्यांना आरक्षण नसतं, त्यामुळे चुकली तरी पुढची मिळते. गेंटचं मुख्य स्टेशन जुन्या गावापासून दूर आहे, गुडघे दुखत असतील तर ट्राम घ्या. आणि हो, प्रवास विमा किमान ३०,००० युरोचा लागतो, तो कागद वरच ठेवा.