एमजीएल 1:3 : सिलिंडर पुन्हा पहिल्यापासून

एमजीएल म्हणजे मल्टिपल ग्रेनेड लाँचर, सहा ग्रेनेड एकामागून एक मारणारं शस्त्र. त्याचा एक-तृतीयांश आकाराचा लाकडी नमुना मी करतोय. मे महिन्यात त्याचा सिलिंडर झाला तेव्हा सहाही भोकं बॅरलसमोर चोख येत होती, गेजचा दांडा सरळ आरपार जायचा. परवा, झडीच्या चौथ्या दिवशी, कोठ्यातल्या टेबलावरचं फडकं काढलं, सिलिंडर फिरवला आणि तिसऱ्या भोकाशी दांडा अडला. सहाव्याशीही तेच. बाकीची चार जेमतेम.

पहिला संशय माझ्याच आखणीवर. ती परत तपासली: 18 मिमी त्रिज्येचं वर्तुळ, परकार तेवढाच ठेवून सहा पावलं, सहावं पाऊल पहिल्या खुणेवर. केसाचाही फरक नाही. मग ड्रिलच्या बिटवर संशय. वर्ध्याच्या बाजारातून आणलेला 13 मिमीचा फ्लॅट बिट मी आधीच फेकला होता, कारण तो साग कापत नाही, ओरबाडतो. ही भोकं फोर्स्टनर बिटची आहेत, आतून आरशासारखी. त्याला जास्त पैसे गेले, पण सागावर काम करणाऱ्यानं दुसरं काही घेऊ नये.

शेवटी व्हर्नियर लावला. मे मध्ये व्यास सगळीकडून 55.0 मिमी होता. आता एका अंगानं 55.8, काटकोनात 55.4. सिलिंडर अंडाकृती झालाय! आणि लांब अंग नेमकं तिसऱ्या-सहाव्या भोकाच्या रेषेत.

शेजारच्या वाढई काकांना दाखवला. त्यांनी ठोकळ्याचं तोंड उजेडाकडे धरलं, कड्यांवरून नख फिरवलं. "बाबू, लाकूड कापलं तरी पाणी पेतेच. बंडीचं चाक कोणी एका ठोकळ्यातून काढते का?"

तिथंच उलगडलं. लाकूड वार्षिक कड्यांच्या दिशेनं जास्त फुगतं, गाभ्यापासून सालीकडे त्याच्या साधारण निम्मं, आणि लांबीत जवळजवळ नाहीच. 46 अंशांच्या उन्हात कोरलेला अखंड ठोकळा पावसाळ्यात गोल राहणं शक्यच नव्हतं.

ॲल्युमिनियमचा रॉड लेथवर द्या, असं दोघांनी सुचवलं होतं. नको. हा नमुना आलापल्लीच्या सागाचाच करायचाय. शिवाय सिलिंडर हाच या शस्त्राचा जीव आहे. 1961 मध्ये अमेरिकी लष्करात आलेलं एम 79 ग्रेनेड लाँचर एका वेळी एकच ग्रेनेड मारायचं. मग उघडा, भरा, मिटा. अमेरिकी नौदलाच्या चायना लेक केंद्राचे पंपवाले लाँचर व्हिएतनाम युद्धापुरते मोजकेच बनले. दक्षिण आफ्रिकेच्या आंद्रिस पीकनं 40 मिमीचे सहा ग्रेनेड रिव्हॉल्व्हरसारख्या सिलिंडरमध्ये बसवले, आणि 1983 मध्ये ते वाय 2 नावानं तिथल्या सैन्यात गेलं. पुढं अमेरिकी मरीननी त्याचंच सुधारित रूप एम 32 म्हणून घेतलं. आपल्याकडे तिरुचिरापल्लीच्या कारखान्यात 40 मिमीचं एमजीएल बनतं. पल्ला 400 मीटरच्या आसपास. हातबॉम्ब जिथं पोचत नाही आणि उखळी तोफ लावायला सवड नसते, त्या मधल्या अंतरासाठी एकाच जवानाच्या हाती सहा वार. ते सगळं ज्या गोल तुकड्यामुळं शक्य झालं, तोच वाकडा ठेवून कसं चालेल?

एक गोष्ट मात्र मनासारखी जमली. मूळ शस्त्रात भरताना सिलिंडर हातानं फिरवून स्प्रिंगला पीळ देतात. मग प्रत्येक बार उडाल्यावर तो 60 अंश सरकतो. माझ्याकडे आजोबांच्या गजराच्या घड्याळाची स्प्रिंग बसली. बोटानं खटका दाबला की टक्, पुढचं भोक. रात्री घरचे झोपल्यावर मी तो आवाज वीसेक वेळा तरी ऐकला.

तर आता बंडीच्या चाकाचीच रीत: 60 अंशांच्या सहा फाका, प्रत्येक फाकेत कड्या केंद्राच्या हिशेबानं सारख्याच दिशेनं, मरीन फेव्हिकॉलनं जोडलेल्या. फुगल्या तरी सहाही सारख्याच फुगतील. जोड दोन भोकांच्या मधल्या 5 मिमीच्या भिंतीत लपेल. वरून चाकाच्या लोखंडी धावेसारखी पितळी पट्टी चढवणार होतो, पण हे लिहितानाच लक्षात आलं की पट्टी फुगणाऱ्या लाकडाला आवळेल आणि जोड उकलेल. पट्टी रद्द. त्याऐवजी दोन्ही तोंडांना मेलामाईन पॉलिशचे तीन हात, कारण लाकूड सगळ्यात जास्त पाणी तोंडाकडूनच पितं. भोकांच्या आतूनही एक हात.

फाकांचा साग चुलीवरच्या माळ्यावर ठेवलाय. रोज संध्याकाळी किराण्याच्या काट्यावर तोलतो. सोमवारी 436 ग्रॅम होता, आज 421. वजन सलग तीन दिवस एका आकड्यावर थांबलं की करवत लावतो.