विमानांच्या तुकडीसाठी डेटाची पेटी निवडताना: माझा अनुभव

हवाई दलात सिग्नलचं काम करून निवृत्त झालो आणि कोल्हापुरात उद्यमनगरातल्या एका छोट्या कंपनीत सल्लागार म्हणून लागलो. एक काम आलं. मालवाहू विमानांची तुकडी आपला तळ सोडून काही दिवस दुसऱ्या धावपट्टीवर मुक्कामाला जाते. तिच्यासोबत डेटासाठी काय द्यावं, ते सुचवायचं.

पहिल्याच बैठकीत सगळे स्पीडवर आले. मी म्हटलं, आधी पाठवायचंय काय ते लिहा. मालाची यादी, वजन-समतोलाचा तक्ता, हवामान, नोटॅम (वैमानिकांसाठीच्या सूचना), सुट्या भागांची मागणी. सगळं मिळून किरकोळ. जास्त डेटा खातो तो व्हिडिओ कॉल, आणि तो बहुधा वरच्या साहेबांनाच हवा असतो!

फोर-जी स्वस्त, पण टॉवर जिवंत असेपर्यंतच. 2019 चा महापूर पाहिलेल्या कोल्हापूरकराला हे वेगळं सांगायला नको. थुराया, इरिडियमचे उपग्रह फोन आपल्याकडे विनापरवाना चालत नाहीत, तो विषय तिथेच मिटला. उरले उपग्रहाशी जोडणारे दोन पर्याय, वेगवेगळ्या लहरींच्या पट्ट्यांतले (बँड): केयू बँडची व्हीसॅट डिश आणि एल बँडचं छोटं यंत्र, इनमारसॅट कंपनीचं बीगॅन.

कागदावर डिशच सरस. बीगॅनचा वेग जास्तीत जास्त 492 केबीपीएस, डिशचा त्याच्या कैक पट. मी हट्ट धरला, चाचणी गगनबावड्याला घ्यायची, तीही ऐन आषाढात. परवानाधारक कंपनीची माणसं दोन्ही संच घेऊन आली. पाऊस रिपरिपत होता तोवर डिश झकास चालली. सर कोसळली आणि लिंक तुटली. उघडीप झाल्यावरच परत आली. केयू बँड 12 ते 14 गिगाहर्ट्झचा, तो पावसात विरतो. एल बँड दीड गिगाहर्ट्झच्या आसपास, त्याला पावसाचं फारसं काही वाटत नाही. बीगॅन रखडत का होईना, चालू राहिलं.

रखडण्याचंही कारण आहे. उपग्रह 35,786 किलोमीटरवर. विचारलेलं जाऊन उत्तर येईस्तोवर अर्धा सेकंद सहज जातो. सतत हो-नाही विचारणारी सॉफ्टवेअर तिथे रडतात. एकगठ्ठा जाणारा मेल बरा. शिवाय पैसे एमबीवर. लॅपटॉपचे अपडेट फायरवॉलमध्ये आधीच अडवले, नाहीतर बिल पाहून हिशेबनीसालाच भोवळ यायची.

लडाखसारख्या ठिकाणी आणखी एक पेच. जितकं उत्तरेला जावं तितका विषुववृत्तावरचा उपग्रह आकाशात खाली उतरतो आणि दक्षिणेला डोंगर असला तर दिसतच नाही. म्हणून एचएफ, म्हणजे उपग्रहाविना लांब पोचणारा जुना रेडिओ, ठेवा म्हटलं. तरुण इंजिनिअर हसले, "सर, म्युझियममधली वस्तू ती!" असेना. जवळजवळ सरळ वर सोडलेली एचएफ लहर वातावरणाच्या वरच्या थरावरून (आयनोस्फिअर) परतून डोंगरापलीकडे उतरते. वेग नगण्य, पण विमान सुटलं-पोचलं एवढं कळवायला पुरतो.

शेवटी शिफारस अशी गेली: असेल तिथे फोर-जी, भरवशाला बीगॅन, अडीअडचणीला एचएफ. डिश फक्त मुक्काम लांबला तर. खर्च कमी करायला एचएफ काढा, असं कंपनीतूनच दोनदा सुचवण्यात आलं. मी काढू दिलं नाही.