अकादमीच्या यादीतले कवितासंग्रह वाचताना

साहित्य अकादमी मिळालेल्या मराठी पुस्तकांच्या यादीतून नुसते कवितासंग्रह वेगळे काढायचे आणि ओळीने वाचायचे, असं मी ठरवलं. पुरस्कार १९५५ पासून सुरू, पण मराठी कवितासंग्रहाला तो पहिल्यांदा मिळाला थेट १९७७ मध्ये, अनिलांच्या 'दशपदी'ला! त्याआधी मर्ढेकरांना मिळाला तो 'सौंदर्य आणि साहित्य'साठी, तोही मरणोत्तर. आणि आमच्या तात्यासाहेब शिरवाडकरांना, म्हणजे कवी कुसुमाग्रजांना, १९७४ मध्ये 'नटसम्राट'साठी. नाटक थोरच, पण त्यांचा 'विशाखा' हा कवितासंग्रह तोंडपाठ असणाऱ्या नाशिककराला ही नोंद टोचतेच. पुढे ग्रेस आणि सतीश काळसेकर यांनाही गद्यासाठीच मिळाला. कवीला मान द्यायचा, पण कवितेसाठी नाही, हे मला पटत नाही.

पुस्तकं जमवताना पाडगावकरांचं 'सलाम' आणि महानोरांचं 'पानझड' वाचनालयात लगेच मिळाली. 'दशपदी' मात्र कपाटात अगदी खालच्या फळीवर, पुठ्ठा सुटलेली, आतल्या चिठ्ठीवरचे शिक्के पुसट झालेले. ग्रंथपाल काका म्हणाले, "ताई, सावकाश वाचा, हिला कोणी मागत नाही." मुक्तछंदासाठी लढलेला हा कवी उतारवयात दहा ओळींचं बंधन आपणहून घेतो आणि त्यात किती मोकळा होतो! मोठ्यानं वाचल्याशिवाय ती लय कळत नाही. आरती प्रभूंचं 'नक्षत्रांचे देणे' ओळखीच्या बाईंनी दिलं, दिलीप चित्र्यांची 'एकूण कविता – १' विकत घेतली.

सगळ्यात जास्त वेळ घेतला अरुण कोलटकरांच्या 'भिजकी वही'नं. कोलटकर २००४ मध्ये गेले, पुरस्कार २००५ चा. हायपेशिया, कण्णगी, रबिया... देशोदेशीच्या, काळाकाळातल्या बायका आणि त्यांचं रडणं. तमिळ महाकाव्यातली, मदुराई जाळणारी कण्णगी कोण, हे आधी शोधून वाचलं, मग पुन्हा कवितेकडे आले, तेव्हा कुठे ती उघडली. एका बैठकीत एकच कविता, त्याहून जास्त झेपत नव्हतं. असं पुस्तक मराठीत आहे याचा मला फार अभिमान वाटतो.

डहाक्यांची 'चित्रलिपी', श्रीकांत देशमुखांचं 'बोलावें ते आम्ही' त्या मानानं भराभर झाली.

यादीत कवयित्री दोनच. इंदिरा संत, 'गर्भरेशीम', १९८४. अनुराधा पाटील, 'कदाचित अजूनही', २०१९. मध्ये पस्तीस वर्षं. एवढ्या काळात बायकांनी लिहिलेलं काही कमी ताकदीचं नव्हतं. हे दोन संग्रह मी लागोपाठ वाचले आणि तुम्हीही तसेच वाचा. सनावळीच्या मागे लागू नका, सुरुवात 'गर्भरेशीम'पासून करा. माझी प्रत सध्या मैत्रिणीकडे आहे, तिच्यानंतर शेजारच्या काकूंचा नंबर लागलाय.