खोकाभर कॅसेटी संगणकात आणताना

साठ मिनिटांची कॅसेट संगणकात आणायला साठ मिनिटं, असा हिशेब मांडून बसलं की तो पहिल्याच कॅसेटला चुकतो. मला एका कॅसेटला अडीच-तीन तास लागतात, आणि त्यातला कॅसेट वाजण्याचा तास सगळ्यात निवांत. उरलेला वेळ दोन टोकांना जातो: आधी यंत्र आणि फीत ताळ्यावर आणण्यात, नंतर नावं लिहिण्यात. मधलं सॉफ्टवेअरचं काम वाटतं त्यापेक्षा बरंच कमी असतं. हेडने, म्हणजे फितीवरचा आवाज वाचणाऱ्या भागाने, जे उचललंच नाही, ते कुठलाही फिल्टर परत आणत नाही.

कॅसेट यंत्रात घालण्याआधी मागच्या कडेवरच्या दोन्ही छोट्या टिकल्या मी मोडून टाकतो. त्या मोडल्या की रेकॉर्डिंगचं बटण दबत नाही, म्हणजे चुकून फीत पुसली जाण्याची भीती गेली. मग खिडकीतून गुंडाळीकडे बघायचं. कडेवर पांढरी भुकटी दिसली तर ती बुरशी असते. अशी कॅसेट वेगळ्या डब्यात ठेवायची. ती वाजवली तर बुरशी हेडवर बसते आणि पुढच्या कॅसेटलाही लागते. फितीमागे मधोमध एका पातळ धातूच्या पट्टीवर फेल्टचा तुकडा चिकटवलेला असतो, तो फितीला हेडवर दाबून धरतो. जुना गोंद सुकला की तो गळून पडतो आणि आवाज एकाएकी दबका, भिंतीपलीकडून आल्यासारखा होतो. अशा वेळी दोष हेडला दिला जातो. टाकाऊ कॅसेटमधला तुकडा काढून बसवला तरी काम भागतं. कवच स्क्रूचं असेल तर दोन्ही चकत्या होत्या तशाच उचलून नव्या कवचात ठेवाव्यात. त्यासाठी नको असलेल्या पाच-सहा स्क्रूवाल्या कॅसेटी हाताशी ठेवलेल्या बऱ्या.

फीत तुटली असेल तर जोडपट्टी ऑडिओ फितीसाठी बनवलेलीच हवी. साध्या चिकटपट्टीचा गोंद काही महिन्यांत कडेने झिरपतो आणि शेजारचे वेढे एकमेकांना चिकटवून ठेवतो. वर्षानुवर्षं न वाजलेली कॅसेट एकदा पूर्ण पुढे आणि एकदा पूर्ण मागे गुंडाळून घ्यावी. त्याने फितीचा ताण सारखा होतो, आणि एका वेढ्यावरून शेजारच्या वेढ्यावर उमटलेला पुसट प्रतिध्वनीही थोडा कमी होतो. शांत जागेत गाणं सुरू व्हायच्या दीड ते तीन सेकंद आधी तेच गाणं पुसटसं ऐकू येतं, तो हाच.

आता यंत्र. हल्ली मिळणारे छोटे यूएसबी कॅसेट प्लेअर या कामाला घेऊ नयेत असं माझं मत. त्यांत वेग डगमगतो आणि फितीची सूंसूं, म्हणजे मागची सततची सळसळ, कमी करणारी डॉल्बी ही सोय नसते. जुना, धड चालणारा डेक, म्हणजे घरच्या स्टिरिओला जोडायचा मोठा कॅसेट प्लेअर, त्यांच्यापेक्षा कितीतरी चांगला. फक्त त्याचे रबरी पट्टे आधी बघून घ्यावेत, कारण कित्येक डेकमध्ये ते वितळून डांबरासारखे झालेले असतात. हेड आणि कॅप्स्टन (फीत ओढणारी धातूची दांडी) मी ९० टक्क्यांच्या वरच्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने, कापसाच्या काडीने पुसतो. ७० टक्क्यांच्या बाटलीत पाणी जास्त असतं, ती नको. काडीवर तपकिरी डाग येणं थांबेपर्यंत पुसायचं. फितीला कॅप्स्टनवर दाबणारा पिंच रोलर रबरी असतो, त्याला ओलसर कापडावर साबणाचा थेंब पुरे. रोलर काचेसारखा गुळगुळीत आणि कडक झाला असेल तर पुसून उपयोग नाही, बदलावाच लागतो. नाहीतर फीत घसरते आणि लांबलेला स्वर थरथरतो.

यापुढचं काम बहुतेक जण टाळतात, आणि सगळा फरक तिथेच पडतो. हेडमधली चीर फितीच्या हालचालीला काटकोनात असावी लागते. या कोनाला ॲझिमथ म्हणतात. कॅसेटची फीत सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर धावते. म्हणजे १० किलोहर्ट्झच्या आवाजाची एक लाट फितीवर जेमतेम ४.७६ मायक्रॉन लांबीची होते. स्टिरिओ कॅसेटच्या एका बाजूच्या एका चॅनेलची रुंदी सुमारे ०.६ मिलिमीटर. हेड अर्ध्या अंशानेसुद्धा तिरकं असेल तर त्या रुंदीच्या एका कडेला लाटेचा माथा आणि मधोमध तिचा तळ एकाच वेळी वाचला जातो, आणि दोघं एकमेकांना खाऊन टाकतात. टाळ, झांज, गाणाऱ्याचे स, श, च हे सगळं पुसट होतं. कॅसेट जुनी झाली म्हणून आवाज बसला असं आपण म्हणतो, तेव्हा बऱ्याचदा कॅसेट ठीक असते आणि डेक तिरका असतो.

हेडच्या दोन बाजूंना दोन स्क्रू असतात. त्यातल्या ज्याच्याखाली स्प्रिंग असते तो ॲझिमथचा. पुष्कळ डेकमध्ये कॅसेट वाजत असताना तिथे पोचायला समोर भोक ठेवलेलं असतं. हात लावण्याआधी स्क्रूची मूळ जागा मार्करने खूण करून ठेवावी. स्क्रूड्रायव्हर चुंबकीय नसावा. हेडफोन लावायचा, दोन्ही चॅनेल एकत्र करून मोनो ऐकायचं, डॉल्बी बंद ठेवायचं आणि स्क्रू एकअष्टमांश फेरीपेक्षाही कमी, अगदी हळू हलवायचा. एका जागी आवाज उघडतो आणि तिच्या दोन्ही बाजूंना पुन्हा मिटतो. मोनोत ऐकायचं कारण असं की दोन चॅनेलमधला वेळेचा फरक स्टिरिओत लपतो, मोनोत तो लगेच पोकळ आवाजाच्या रूपात ऐकू येतो. प्रत्येक कॅसेट ज्या यंत्रावर भरली गेली त्या यंत्राचा कोन तिच्यात असतो, त्यामुळे हे प्रत्येक कॅसेटला करावं लागतं. कंटाळा येतो खरा. पुष्कळ ऑटो-रिव्हर्स डेकचं हेड बाजू बदलताना स्वतःच उलटं फिरतं, त्यात ही जुळणी टिकत नाही, म्हणून या कामाला एका दिशेचा डेक बरा.

डॉल्बीचं बटण ॲझिमथनंतरच. ‘डॉल्बी बी’ हा डॉल्बीचा नेहमीचा प्रकार. तो भरताना हळू आवाजातला वरचा पट्टा वाढवतं आणि वाजवताना तेवढाच कमी करतं, त्यासोबत फितीची सूंसूंही सुमारे १० डेसिबलने उतरते. पण वरचा पट्टा आधीच कमी उचलला गेला तर डॉल्बीला ते हळू आवाजासारखं दिसतं आणि ते त्याला आणखी दाबतं. ‘डॉल्बी लावलं की आवाज मरतो’ ही तक्रार यातूनच येते. फितीवरच झीज झाली असेल, तर मात्र डॉल्बी बंद ठेवून सूंसूं सोसलेली चालते.

वायरींबद्दल थोडक्यात. डेकच्या लाइन आउटमधून बाहेरच्या यूएसबी साउंड कार्डच्या लाइन इनमध्ये जायचं. लॅपटॉपचं माइकचं भोक बहुधा मोनो असतं आणि तिथे सिग्नल फाटतो. एकसारखी घूं ऐकू आली तर लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर चालवून बघावं. घूं गेली तर तो दोन वाटांनी जोडल्या गेलेल्या अर्थिंगचा दोष आहे, कॅसेटचा नाही. सर्वांत लाजिरवाणी चूक म्हणजे साउंड कार्ड जोडूनही सॉफ्टवेअर लॅपटॉपच्याच माइकवरून खोलीतला आवाज भरत राहतं. परीक्षा सोपी आहे: रेकॉर्डिंग चालू करून लॅपटॉपवर बोटाने टकटक करायची. पडद्यावर पट्टी उडाली तर चुकीचा स्रोत निवडलेला आहे. सूचनांचे आवाज, स्लीप आणि आवाज आपोआप ‘सुधारणारी’ सगळी सोय बंद करायची.

मी ऑडॅसिटी हे आवाज भरण्या-कापण्याचं सॉफ्टवेअर वापरतो, ४४.१ किलोहर्ट्झ (सेकंदाला ४४,१०० नमुने) आणि २४ बिटवर भरतो. ९६ किलोहर्ट्झचा मोह धरू नये, कारण साध्या फेरिक (लोहाच्या ऑक्साइडच्या) फितीवर १५ किलोहर्ट्झच्या वर सूंसूं सोडून फारसं काही नसतं. कॅसेटमध्ये सगळ्यात हळू आणि सगळ्यात मोठ्या आवाजातलं अंतर ६० डेसिबलच्या आसपास, तर १६ बिटमध्ये ९६ डेसिबल मावतात. मग २४ कशाला? भरताना पातळी ढिली ठेवता यावी म्हणून. कॅसेटचा सगळ्यात जोरकस भाग शोधून तो उणे ६ डेसिबलवर बसवायचा आणि मग पूर्ण बाजू एका दमात भरायची. शून्य ही सगळ्यात वरची मर्यादा; तिथे आपटलेला आवाज कापला जातो, आणि तो कापलेला माथा नंतर कमी करूनही परत येत नाही. पहिलं गाणं संथ असेल तर त्यावर पातळी ठरवू नये. फसगत होते ती तिथेच.

प्रत्येक बाजूची एक अख्खी फाइल, काहीही न कापता, फ्लॅक या आवाज न गमावणाऱ्या फाइलप्रकारात ‘मूळ’ म्हणून ठेवतो. पुढचं सगळं तिच्या प्रतीवर. गाण्यांच्या सुरुवातीला कंट्रोल आणि बी दाबून लेबल टाकायची, लेबलातच गाण्याचं नाव लिहायचं आणि शेवटी सगळे तुकडे एकदम बाहेर काढायचे. सूंसूं कमी करताना नमुना दोन गाण्यांमधल्या शांत जागेचा घ्यावा. सुरुवातीच्या पारदर्शक पट्टीचा नको, तिच्यावर चुंबकीय थरच नसतो. मी ६ डेसिबलच्या वर जात नाही. त्यापुढे आवाजात पाण्याखालचे बुडबुडे येऊ लागतात आणि ते सूंसूंपेक्षा जास्त टोचतात. ऑडॅसिटीत काढून टाकलेला भागच ऐकण्याची सोय आहे, ती जरूर वापरावी. त्या कचऱ्यात चाल ओळखू आली, तर आपण गाणंच खरवडतो आहोत.

वेग चुकलेला असेल तर सूरही सरकतो: अर्धस्वर चढला असेल तर वेग जवळजवळ ६ टक्के जास्त. ठरावीक सुराचं वाद्य ओळखीचं असेल तर त्यावरून जुळवता येतं. घरी भरलेल्या कॅसेटींत आणखी एक आधार मिळतो: विजेची बारीक घूं भरताना फितीवर उतरलेली असते. पुरवठा ५० हर्ट्झचा असेल तर तिचा १०० किंवा १५० हर्ट्झचा खांब स्पेक्ट्रममध्ये शोधायचा. तो १०३ ला दिसला तर वेग ३ टक्के जास्त आहे. फक्त ती घूं फितीवरची आहे, आपल्या वायरींची नाही, हे कॅसेट थांबवून आधी तपासायचं.

सगळं झालं की अंतिम प्रत १६ बिटची करतो. यात एक गंमत आहे. फ्लॅक आवाजाचा एक कणही न गमावता फाइल लहान करतं, पण सूंसूं म्हणजे निव्वळ यादृच्छिक गोंगाट, आणि तो दाबला जात नाही. २४ बिटमधले खालचे ८ बिट कॅसेटच्या बाबतीत जवळपास सूंसूंच असतात, म्हणजे आपण ती जपून साठवत बसतो. न दाबलेला एक तास १६ बिटला ६३५ एमबी, २४ बिटला सुमारे ९५३ एमबी. प्रवासात ऐकायला एमपी थ्री ठीक. पण टाळ्यांतून एका चिजेवरून दुसरीवर सरकणाऱ्या मैफलीचे तुकडे एमपी थ्रीत केले तर सांध्यावर बारीक खंड पडू शकतो, कारण ते स्वरूप फाइलच्या टोकांना थोडी शांतता जोडतं.

राहिली नावं. देवनागरीत टॅग, म्हणजे फाइलच्या आत गाण्याचं-गायकाचं नाव, लिहिणाऱ्यांनी दोन गोष्टी पहिल्या दिवशीच ठरवून टाकाव्यात. ‘वाऱ्यावर’ मधला अर्धा र दोन प्रकारे टाइप होतो: एक ऱ पासून, दुसरा साध्या र ला हलन्त आणि अदृश्य जोडचिन्ह देऊन. दिसतात सारखेच, पण संगणकाला ते दोन वेगळे शब्द आहेत, आणि शोधताना निम्मी गाणी सापडत नाहीत. तीच गत ‘ऑ’ची, तो एकसंध अक्षर म्हणून लिहिला तर एक, आ आणि चंद्रापासून जोडला तर दुसरा. एकच कीबोर्ड कायम ठेवावा आणि आधीची यादी शोधा-बदला करून सारखी करावी. जुन्या कार प्लेअरवर नावाऐवजी प्रश्नचिन्हं दिसत असतील, तर तो एमपी थ्रीतल्या जुन्या आयडीथ्री टॅगचा प्रताप. पहिल्या आवृत्तीत नावाला ३० अक्षरांची जागा होती आणि युनिकोडची सोयच नव्हती. दुसरी आवृत्ती, २.३, ठेवली की बहुतेक ठिकाणी चालतं. फाइलच्या नावात मात्र क्रमांक इंग्रजी आकड्यांत, दोन अंकी लिहितो, आणि नाव छोटं ठेवतो: लिनक्सवर नावाला २५५ बाइटची मर्यादा आहे आणि देवनागरीची प्रत्येक खूण, काना-मात्रासुद्धा, ३ बाइट खाते. म्हणजे हातात ८५ खुणाच.

बहुतेक प्लेअर सगळं गायकाच्या नावावर लावतात. कवी आणि संगीतकाराच्या नावाने शोधणाऱ्याने ‘लिरिसिस्ट’ आणि ‘कंपोझर’ ही खाती आत्ताच भरावीत. नंतर शेकडो फाइलींत ते होत नाही. आवाजाच्या ठशावरून नाव शोधणारं पिकार्ड हे सॉफ्टवेअर घरी भरलेल्या कॅसेटींना कुचकामी आहे, कारण त्यांचा ठसा कुठे नोंदलेलाच नसतो. कॅसेटच्या वेष्टणाचा फोटो त्याच फोल्डरमध्ये टाकतो, हस्ताक्षरासकट.

तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर, त्यातली एक घराबाहेर. फ्लॅकच्या आतच मूळ आवाजाची एमडी५ ओळखखूण असते, त्यामुळे चाचणीची आज्ञा दिली की कुजलेली फाइल लगेच कळते. वर्षातून एकदा सगळ्या फोल्डरवर ती चालवतो. कॅसेटी टाकत नाही. भरून झालेली कॅसेट उलटी गुंडाळायचीही नाही, कारण वाजण्याच्या वेगाने गुंडाळलेली फीत सगळ्यात सारख्या ताणात बसते. तशीच डबीत घालतो, डबीवर फोल्डरचा क्रमांक लिहितो आणि स्पीकरपासून लांब, उभी ठेवतो.