किनोसाकी: लहान ऱ्योकानमधला मुक्काम आणि गावभर पसरलेली सात स्नानगृहं

किनोसाकी हे जपानातलं गरम पाण्याच्या झऱ्यांचं गाव. तिथल्या ऱ्योकानचं, म्हणजे पारंपरिक जपानी सरायचं, बुकिंग करताना पहिला घोळ हमखास दराचा होतो. पडद्यावर दिसणारा आकडा खोलीचा नसतो, माणशी असतो. त्यात बहुधा रात्रीचं जेवण आणि सकाळची न्याहारी धरलेली असते. आठ-दहा खोल्यांच्या लहान ऱ्योकानमध्ये एरवी माणशी १५ ते ३० हजार येन धरून चालावं. नोव्हेंबर ते मार्च हा मात्सुबा खेकड्याचा हंगाम, तेव्हा भाव बराच चढतो. वर दर रात्री माणशी १५० येनच्या आसपास स्नान-कर वेगळा, आणि तो बऱ्याच ठिकाणी रोखच लागतो. एकट्या माणसाला खोली द्यायला काही ठिकाणी नाखूश असतात. शनिवार टाळला तर जमण्याची शक्यता वाढते.

ओसाकाहून 'कोउनोतोरी' किंवा क्योतोहून 'किनोसाकी' ही एक्सप्रेस गाडी साधारण अडीच-पावणेतीन तासांत पोचवते. सगळ्या कोउनोतोरी शेवटपर्यंत जात नाहीत, काही फुकुचियामा किंवा तोयोओकालाच थांबतात, म्हणून तिकीट काढताना शेवटचं स्टेशन वाचा. जेआरचा, म्हणजे जपानी रेल्वेचा, कान्साई वाइड एरिया पास इथे चालतो. दुपारी ३ नंतर खोली मिळते, पण संध्याकाळी ६ च्या आत पोचणं फार महत्त्वाचं. जेवण ६ किंवा साडेसहाला एकदाच मांडलं जातं. स्वयंपाकघरात दोन-तीनच माणसं असतात. उशीर झाला तर जेवण राहतं आणि पैसे मात्र जातात.

आता खाण्याचं. शाकाहारी मंडळींनी बुकिंगच्या वेळीच, निदान आठवडाभर आधी लिहून कळवावं. 'मांस-मासे नको' एवढ्याने काम भागत नाही. मिसो सूप, चावानमुशी (अंड्याचा वाफवलेला खारा कस्टर्ड), उकडलेल्या भाज्या, टेम्पुरासोबतचा (तळलेल्या भज्यांसोबतचा) सॉस या सगळ्यांच्या बुडाशी दाशी नावाचं पातळ सार असतं, आणि ही दाशी बहुधा कात्सुओबुशीची, म्हणजे सुकवून धुरावलेल्या बोनिटो माशाची. तिथल्या माणसाच्या लेखी तो मासा नव्हे, चव. म्हणून नाव घेऊनच सांगावं: 'निकु तो साकाना वा ताबेमासेन. कात्सुओ-दाशी मो ताबेरारेमासेन. कोंबु-दाशी वा दाइजोबु देसु.' म्हणजे मांस-मासे खात नाही, कात्सुओ-दाशीही चालत नाही, कोंबु-दाशी चालेल. कोंबु हे समुद्री शेवाळ, त्याची दाशी चालते हे स्वतःहून सांगितलं की स्वयंपाक्याला वाट मिळते. दाशी सकाळीच करून ठेवलेली असते, म्हणून पानावर बसल्यावर सांगून काही उपयोग नाही. काही ऱ्योकान शाकाहारी जेवण जमणार नाही असं सरळ कळवतात. तो नकार प्रामाणिक समजावा आणि 'सुदोमारी', म्हणजे नुसती खोली, घ्यावी. मात्र गावातली उपाहारगृहं लवकर मिटतात, तेव्हा संध्याकाळी सहालाच बाहेर पडायची तयारी हवी.

मांसाहारी लोकांसाठीही एक सूचना. हा ताजिमा प्रदेश, कोबे बीफ ज्या गुरांचं त्यांचं माहेर. गोमांस चालत नसेल तर 'ग्यूनिकु वा ताबेमासेन' हे वेगळं कळवा. नुसतं 'पोर्क नको' लिहून मोकळं होणाऱ्यांच्या पुढ्यात हमखास तेच येतं.

दारात चपला-बूट काढायचे. पुढे लाकडी जमिनीवर सपाता, पण तातामीच्या, म्हणजे जमिनीवरच्या गवती चटयांच्या, कडेशी त्याही काढायच्या. संडासात वेगळ्या सपाता असतात. त्या घालूनच बाहेर येणं ही नवख्याची नेहमीची फजिती. बॅगेची चाकं तातामीवर फिरवू नका, गवताची वीण फाटते. भिंतीतल्या कोनाड्यात चित्र लटकलेलं असतं, खाली फुलं असतात. ती सामान ठेवायची जागा नव्हे. जुन्या तीन मजली लाकडी घरांत लिफ्ट नसते, जिने उभे असतात, आणि बऱ्याच खोल्यांना जोडून संडास नसतो. गुडघे दुखणारं माणूस बरोबर असेल तर तळमजल्याची खोली आधीच मागून घ्या. तुम्ही जेवत असताना फुतोन, म्हणजे जमिनीवरचा बिछाना, घातला जातो, तेव्हा सामान एका कोपऱ्यात आवरून ठेवलेलं बरं.

लहान ऱ्योकानमधलं स्नानगृह अगदी लहान का, हा प्रश्न बहुतेकांना पडतो. २३ मे १९२५ च्या भूकंपात आणि आगीत गाव बेचिराख झालं. ते पुन्हा उभं राहताना एका ऱ्योकानने आपल्याच आवारात ओन्सेनचं, म्हणजे गरम झऱ्याचं, पाणी आणायचं ठरवलं. गरम पाणी सगळ्या गावाचं, असं म्हणत गाव न्यायालयात गेलं. १९५० मध्ये तडजोड झाली: आतली स्नानगृहं चालतील, पण मर्यादित आकाराची. खरं स्नान बाहेरच्या सात सार्वजनिक स्नानगृहांत. स्टेशन म्हणजे दार, रस्ते म्हणजे वऱ्हांडा, ऱ्योकान म्हणजे खोल्या, असं गावकरी म्हणतात.

मुक्कामाला असणाऱ्यांना या सातही स्नानगृहांचा पास ऱ्योकानमधूनच मिळतो. सगळ्यांची साप्ताहिक सुट्टी एकाच दिवशी नसते, काही सकाळी ७ ला उघडतात, काही दुपारी ३ ला. त्या दिवशी कुठलं बंद आहे हे खोलीत शिरतानाच विचारून घ्या. स्टेशनपासून सर्वांत लांबच्या कोउनोयूपर्यंत चालत वीस मिनिटं. सातही एका रात्रीत उरकायचा हट्ट मात्र वेडेपणाचा. पाणी खारट आणि ४२ अंशांच्या आसपास असतं, अंगात उष्णता बराच वेळ राहते, आणि चौथ्या स्नानानंतर डोकं गरगरतं. जेवणाआधी दोन, जेवल्यावर तासाभराने एक, सकाळी एक, हे पुष्कळ झालं. साके (तांदळाची दारू) प्यायल्यावर पाण्यात उतरू नका.

बाहेर युकाता, म्हणजे सुती किमोनो, घालूनच पडायचं. आधी उजवी बाजू अंगाला, तिच्यावर डावी. उलट केलंत तर तो प्रेताचा पेहराव होतो, आणि वाटेतली एखादी आजी थांबवून दुरुस्त करील. बायकांनी ओबी, म्हणजे त्यावरचा पट्टा, कमरेवर बांधावी, पुरुषांनी खाली, खुब्याच्या हाडाशी. गेतात, म्हणजे लाकडी चपलांत, टाच मागे थोडी बाहेर राहायलाच हवी. अंगठ्याच्या बेचक्यात पट्टा घट्ट दाबून चाललं की फोड येतो. बर्फ पडलं असेल तर गेता नकोच, रबरी बूट मागून घ्या. छोटा आणि मोठा, दोन्ही टॉवेल खोलीतूनच न्या.

पुरुषांचं दार कुठलं हे पडद्याच्या रंगावरून ठरवू नका, काही ठिकाणी बाजू बदलतात. अक्षर पाहा: वर चार खणांची चौकट आणि खाली पाय, ते पुरुषाचं. एकमेकांना छेदणाऱ्या तीन रेघांचं ते बाईचं. आत कपडे पूर्ण उतरवायचे. उन्हवरे किंवा वज्रेश्वरीच्या कुंडात कपड्यांसकट उतरायची सवय असलेल्यांना इथेच अडखळायला होतं, पण दोन मिनिटांत लक्षात येतं की कुणी कुणाकडे बघत नाही. टॅटू असला तरी इथल्या सार्वजनिक स्नानगृहांत अडवत नाहीत. जपानात इतरत्र हे गृहीत धरू नका.

बुटक्या स्टुलावर बसून साबण लावून अंग घासायचं. उभ्याने शॉवर घेतला तर शेजाऱ्यावर पाणी उडतं. फेस पूर्ण गेला की पायांपासून वर गरम पाणी ओतून घ्यायचं आणि मग पाण्यात. केस बांधलेले, छोटा टॉवेल डोक्यावर, पाण्यात बुडवायचा नाही. पहिल्यांदा पाचच मिनिटं. बाहेर पडताना टॉवेल पिळून अंग पुसूनच कपड्यांच्या खोलीत जायचं. जोडवी, पैंजण काढून ठेवण्याची सवय लावून घ्या. इथलं पाणी क्षाराचं, पण कुसात्सूसारख्या गंधकाच्या ठिकाणी चांदी तासाभरात काळी पडते.

सकाळी १० ला खोली सोडायची. दुपारची गाडी असेल तर बॅग ऱ्योकानमध्ये ठेवून रोपवेने ओन्सेनजी मंदिरापर्यंत जाता येतं. त्यापेक्षा गेन्बुदो मात्र चुकवू नये. तिथे बेसाल्टचे षटकोनी खांब उभे आहेत. अंधेरीची गिल्बर्ट हिल पाहिलेल्याला ते ओळखीचे वाटतील. पृथ्वीचं चुंबकत्व पूर्वी उलटं होतं हे १९२६ साली मोतोनोरी मात्सुयामांना इथल्याच दगडात आढळलं. गेन्बुदो स्टेशन किनोसाकीच्या लगेच पुढचं, पण ते मारुयामा नदीच्या अलीकडे आणि खांब पलीकडे आहेत. मध्ये जवळ पूल नाही, तेव्हा किनोसाकीहून किंवा तोयोओकाहून टॅक्सीच करा.