नव्या घरातला पहिला नाताळ: चांदणी, माळा आणि गोठा

नव्या घरात सजावट करताना पहिला जीव जातो तो भिंतीचा. पुट्टीवर ताजा रंग असला की दुहेरी चिकटपट्टी काढताना रंगासकट पुट्टीचा पापुद्रा निघून येतो. रंग अंगठ्याने दाबल्यावर कडक लागतो, पण आतून मुरायला तीन-चार आठवडे लागतात. म्हणून जालन्यातल्या आमच्या नव्या घरात भिंतीला मी काहीच चिकटवलं नाही. खिडकीच्या ग्रिलपासून समोरच्या पडद्याच्या दांडीपर्यंत नायलॉनची बारीक दोरी ताणली आणि पताका, घंटा, झुरमुळ्या सगळं तिलाच लटकवलं. खिळा मारायचाच असेल तर स्विचबोर्डच्या सरळ वर किंवा सरळ खाली मारू नये, आतला वायरचा पाइप बहुतेक तिथूनच गेलेला असतो. दोरी पंख्याच्या पात्यांपासून दोन फूट तरी लांब ठेवावी. डिसेंबरात पंखा कोण लावतंय, असं वाटतं. पण घरात पोरं आली की दिसेल ते बटण दाबतात.

खरं काम बाहेरचं. दिवाळीचा आकाशकंदील चार-पाच दिवस टिकला तरी भागतं. नाताळची चांदणी डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात चढते ती ६ जानेवारीला उतरते, आणि महिनाभर आपल्याकडचं कोरडं वारं तिला झोडपत असतं. घोटीव कागद त्यात टिकत नाही, कोपऱ्यातून फाटत जातो. मी अस्तराचं पिवळं कापड वापरतो. ४४ इंच पन्ह्याचं दोन मीटर घेतलं की तीन फुटी चांदणीच्या दोन्ही बाजू होतात.

बुरुडाकडून अर्धा इंच रुंदीच्या, ३६ इंच लांबीच्या दहा कामट्या तासून घ्याव्यात. पाच कामट्यांची एक चांदणी, अशा दोन. टोकं जुळवताना अंदाजाने गेलं की एक पाय लांब आणि एक आखूड होतो. त्यासाठी आधीच प्रत्येक कामटीवर दोन्ही टोकांपासून पावणेचौदा इंचांवर पेन्सिलीने खूण करायची, मधे साडेआठ इंच उरतात. कामट्या या खुणांवरच एकमेकींना छेदल्या पाहिजेत. एकीच्या वरून, दुसरीच्या खालून अशा घ्यायच्या आणि टोकं व छेद दोऱ्याने आवळायचे. मग दोन्ही चांदण्या एकमेकींवर ठेवून फक्त पाच टोकं बांधायची आणि आतल्या पाच छेदांमध्ये सात-सात इंचांचे आडवे तुकडे बसवायचे. चांदणी मधे फुगते ती या तुकड्यांमुळे. तुकडा बसवताना कामटी कडकडली तर ती फार वाळलेली आहे. तासभर पाण्यात भिजवली की वाकते.

कापड फेविकॉलने लावावं. पिठाची खळ स्वस्त पडते, पण तिच्यामागे मुंग्या आणि उंदीर येतात. कडेला दहा चिंचोळे त्रिकोण उघडे राहतात, त्यांतले आठ उरलेल्या कापडाने झाकायचे. खालचे दोन उघडे ठेवायचे: उष्णता बाहेर पडते, बल्ब बदलायला हात जातो. आत ९ वॅटचा एलईडी पुरे. जुना ६० वॅटचा बल्ब कापड करपवतो. एलईडीसुद्धा बुडाशी तापतो, म्हणून तो कापडाला टेकता कामा नये.

टांगताना वजन दोरीवर पडलं पाहिजे, वायरवर नाही. वरचं टोक दोरीला आणि खालची दोन टोकं गच्चीच्या कठड्याला ताणून बांधायची. एकाच दोरीवर सोडलेली चांदणी रात्रभर गिरक्या घेते आणि सकाळपर्यंत वायरला पीळ पडून होल्डरमधला जोड सुटतो.

आता माळा. शंभर एलईडीची माळ साधारण पाच-सहा वॅट खाते, म्हणजे दहा माळा लावल्या तरी लोड किरकोळ. घात करतात ते जोड. सॉकेटमध्ये उघडी वायर खुपसून काडीपेटीच्या काडीने अडकवायची आपल्याकडे सर्रास पद्धत आहे. ती बाहेरच्या पॉइंटला तर अजिबात नको. टू-पिन टॉप दहा-वीस रुपयांत मिळतो. आमच्यासारखं पुढे पत्र्याचं शेड असेल तर आणखी जपायला हवं. पत्र्याची कड वायरचं आवरण कापते, आणि मग अख्ख्या पत्र्यात करंट उतरतो. माळ जिथे पत्र्यावरून वळते तिथे सायकलची जुनी ट्यूब उभी चिरून कडेवर चढवावी. बांधायला बाइंडिंग तार नको, प्लास्टिकचे टाय किंवा सुतळी घ्यावी. रोप लाइटची गुंडाळी उलगडल्याशिवाय लावून पाहू नये, आतल्या आत तापून ती वितळते.

घराला आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा स्विच, बसवलेली असेल तर ती पहाटे पडू शकते. दव जोडांत उतरतं, थोडा करंट गळतो आणि ३० मिलीअँपिअरला ती आपलं काम करते. तिला शिव्या देऊ नयेत, बायपास तर मुळीच करू नये. सगळ्या माळा काढून एकेक लावत गेलं की दोषी माळ सापडते. तिचे जोड कोरडे करून, टेप गुंडाळून, तोंड खाली करून बांधले की पुन्हा त्रास नाही.

झाडाबद्दल फार सांगण्यासारखं नाही. नर्सरीतलं कुंडीतलं अरुकारिया दिसायला देखणं, पण मराठवाड्याच्या उन्हाळ्यात त्याला सावली आणि पाणी देत बसावं लागतं. सहा फुटी प्लास्टिकचं झाड घेतलं तर आधी माळा, मग झुरमुळ्या, शेवटी गोळे. टाइल्सवर त्याचा स्टँड डगमगतो. पायांवर दोन विटा ठेवून वरून कापड टाकावं.

येशूजन्माच्या देखाव्यातल्या गोठ्यासाठी सामान शेतातलंच. भिंतींना तुराट्या, छपराला पाचट किंवा कडब्याची पानं. कणीस राहिलेलं ताट घेऊ नये, उंदीर हमखास लागतो. उभ्या मूर्तीच्या दुप्पट छपराची उंची ठेवावी. मूर्ती सहा इंची असतील तर एक फूट उंच, दोन फूट रुंद. कापसाचं बर्फ पसरायची हौस असली तरी पाचटाजवळ मेणबत्ती आणि कापूस एकत्र नकोत. मागून अर्ध्या वॅटचा पिवळा झिरो बल्ब लावला की उजेड छान पडतो.

हिरवळीसाठी गहू, अगदी घटासारखा. मात्र घट बसतात तेव्हा हवा उबदार असते. डिसेंबरच्या थंडीत तेवढ्याच उंचीला दहा-बारा दिवस धरावेत. गहू रात्रभर भिजवून १२-१३ तारखेला पेरायचा आणि पहिले तीन दिवस झाकून ठेवायचा. नुसती काळी माती पाण्याने दगडासारखी बसते, म्हणून निम्मी वाळू आणि थोडं शेणखत मिसळायचं. बाळ येशू २४ च्या रात्री ठेवायचा. मागी लोकांना, म्हणजे ताऱ्यामागून बाळ येशूला भेटायला आलेल्या पूर्वेच्या ज्ञानी लोकांना, खोलीच्या दुसऱ्या कोपऱ्यातून रोज थोडं पुढे सरकवत ६ जानेवारीला पोचवायचं, हे काम पोरांकडे द्यावं.

दाराशी सहा बाय आठ फुटांची जागा मोकळी सोडावी. जालन्याचा ख्रिस्ती समाज जुना, १९व्या शतकात ख्रिस्ती धर्मोपदेशक नारायण शेषाद्रींनी शहराजवळ बेथेल हे ख्रिस्ती गाव वसवलं तेव्हापासून इथे रुजलेला. गाणाऱ्यांची टोळी ढोलकी, पेटी घेऊन रात्री येते तेव्हा पंधरा-वीस माणसं त्या जागेत उभी राहतात, आणि जमिनीवरून वायर गेलेली असेल तर कुणाच्या तरी पायात अडकतेच.

उतरवताना प्रत्येक माळ पुठ्ठ्याच्या तुकड्यावर गुंडाळावी आणि त्यावर लांबी व कुठे लावली होती ते लिहावं. चांदणीचं कापड काढून धुवावं, सांगाडा माळ्यावर टांगून ठेवावा. गव्हाचं गवत शेजारच्या शेळीला चालतं. चमकी लागलेलं पाचट मात्र जनावरापुढे टाकू नये.